पहिल्या तीन नावांचं संशोधन

2022 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका साध्या प्रश्नाचं उत्तर छापून आलं. पोटाची शस्त्रक्रिया संपत आली की जखम शिवण्याआधी सर्जन आणि मदतनिसांनी हातमोजे बदलावेत का, आणि शिवण्यासाठी निर्जंतुक केलेली वेगळी हत्यारं घ्यावीत का? भारतासह सात देशांतल्या 81 रुग्णालयांत, 13,301 रुग्णांवर हे तपासलं गेलं. नेहमीच्या पद्धतीत 18.9 टक्के रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग होत होता. मोजे आणि हत्यारं बदलल्यावर ते प्रमाण 16 टक्क्यांवर आलं. ‘चीता’ या नावानं ओळखली जाणारी ही चाचणी. शंभर शस्त्रक्रियांमागे तीन जखमा वाचल्या, त्याही मोज्यांच्या काही जोड्या आणि हत्यारांच्या एका ट्रेच्या खर्चात.

आता याच चाचणीसाठी भारतातल्या एखाद्या असिस्टंट प्रोफेसरनं शे-दोनशे रुग्ण नोंदवले, प्रत्येकाची तिसाव्या दिवशी जखम तपासली, फॉर्म भरले, असं धरू. प्रमोशनच्या वेळी या कामाचे गुण किती? शून्य. वैद्यकीय शिक्षणाचं नियमन करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या शिक्षक-पात्रता नियमांनुसार उमेदवाराचं नाव पहिल्या तीन लेखकांत हवं किंवा तो पत्रव्यवहार करणारा लेखक हवा. ‘चीता’सारख्या पेपरवर लेखक म्हणून संशोधक गटाचं नाव असतं आणि शेकडो सहभागी डॉक्टरांची यादी शेवटी येते. त्याच डॉक्टरनं आपल्या वॉर्डातले 60 केसपेपर काढून, चार टक्केवाऱ्या काढून, मान्य सूचीतल्या कुठल्याशा जर्नलमध्ये तिसरं नाव लावून पेपर छापला, तर मात्र तो मोजला जातो.

भारतीय डॉक्टर संशोधन का करत नाहीत, या चर्चेत नेहमी वृत्तीचा मुद्दा पुढे येतो. डॉक्टरांना जिज्ञासा नाही, त्यांना प्रॅक्टिस करून पैसे कमवायचे असतात, आपल्याकडे प्रश्न विचारण्याची संस्कृतीच नाही, वगैरे. या चर्चेत हमखास दिला जाणारा आकडा खरा आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 2005 ते 2014 या दहा वर्षांत देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांनी काय प्रकाशित केलं ते मोजलं होतं. 332 संस्थांच्या, म्हणजे 57 टक्क्यांहून अधिक संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही पेपर नव्हता, आणि एकूण प्रकाशनांपैकी 40 टक्के अवघ्या 25 संस्थांमधून आले होते. मात्र या आकड्यावरून आपण जो इलाज केला, तो रोगापेक्षा वाईट ठरला. पेपर नाहीत ना, मग पेपर सक्तीचे करा. पेपर आले. उत्तरं आली नाहीत.

सुरुवात थिसिसपासून, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधापासून करावी लागेल, कारण बहुतेक डॉक्टरांची संशोधनाशी पहिली आणि शेवटची गाठ तिथेच पडते. एमडी-एमएसचा अभ्यासक्रम 36 महिन्यांचा. पहिल्या सहा महिन्यांच्या आसपास सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचा असतो, म्हणजे ज्या विषयात नुकतं पाऊल ठेवलं त्यातला अनुत्तरित प्रश्न रेसिडेंटनं आठवड्याला ऐंशी-नव्वद तास ड्युटी करत शोधायचा. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस सादर करावा लागतो. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नीतिमत्ता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि शेवटचं लिखाण यांचा वेळ वजा केला की रुग्ण गोळा करायला जेमतेम 18 महिने उरतात. त्यातही आता तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीत, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामात जातात. आणि हे सगळं एकट्यानं, एका युनिटमध्ये.

आता त्या 18 महिन्यांत काय होऊ शकतं याचा हिशेब मांडू. एखाद्या शस्त्रक्रियेनंतर 10 टक्के रुग्णांना गुंतागुंत होते आणि नव्या पद्धतीनं ती 7 टक्क्यांवर येईल असा अंदाज आहे. कुठल्याही सर्जनला हा फरक हवाहवासा वाटेल. 80 टक्के पॉवर (खरा फरक हाती लागण्याची शक्यता) आणि 5 टक्के सिग्निफिकन्स (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) या नेहमीच्या मापानं तो सिद्ध करायचा तर प्रत्येक गटात सुमारे 1350, म्हणजे एकूण 2700 रुग्ण लागतात. एका युनिटला दीड वर्षात मिळतात समजा 100. पन्नास-पन्नासचे दोन गट केले, तर फरक खरोखरच असूनही तो हाती लागण्याची शक्यता शेकडा आठच्या आसपास राहते. नाण्याचा छापा-काटा करणं याहून बरं. हा थिसिस सुरू होण्याआधीच हरलेला असतो, आणि गाईडला ते ठाऊक असतं.

म्हणून मग सांख्यिकीची उलटी कसरत सुरू होते. आपल्याकडच्या थिसिसमध्ये एक सूत्र सर्रास दिसतं: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आजाराचं अंदाजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे चालवून घेण्याजोगी चूक. प्रमाण 20 टक्के आणि चूक 5 टक्के धरली तर 256 रुग्ण लागतात. चूक 10 टक्के चालेल असं लिहिलं की 64 मध्ये भागतं. रुग्ण साठ-सत्तरच मिळणार हे आधी ठरलेलं, त्यावरून चूक किती ‘चालेल’ ते ठरतं. शेवटी हाती येणारं उत्तर असं: या आजाराचं प्रमाण दहा ते तीस टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे. हे तर वॉर्डातल्या सिस्टरनंही सांगितलं असतं.

डेटा भरतानाची गोष्ट याहून बोलकी आहे. प्रोफॉर्मात 70-80 रकाने असतात, कारण प्रत्येक सिनियरनं ‘हेही घे’ म्हटलेलं असतं. केसपेपरवर वजन नसतं, क्रिएटिनिनची तारीख नसते, निदानाच्या जागी ‘अॅक्युट फेब्राइल इलनेस’, म्हणजे नुसता ‘ताप’ असं लिहून पुढचं सगळं कोरं. मेडिकल रेकॉर्ड विभागात जुना पेपर शोधायचा तर इनडोअर नंबर लागतो, तो रजिस्टरमध्ये असतो, रजिस्टर दुसऱ्या मजल्यावर. डिस्चार्जनंतर रुग्णाला फोन केला तर नंबर नातेवाइकाच्या शेजाऱ्याचा निघतो. ऐंशी रकान्यांपैकी तीस रिकामे राहतात. परीक्षा तीन महिन्यांवर आली की ते भरले जातात. कसे, हे या क्षेत्रातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. बावीस-तेवीस वर्षं शाळा-कॉलेजात हुशार म्हणून नावाजलेल्या माणसाला आपण संशोधनाचा पहिला धडा देतो तो आकडे रचण्याचा. पुढे आयुष्यभर त्याला संशोधनाबद्दल आदर वाटला नाही, तर दोष वृत्तीला कसा द्यायचा?

एथिक्स कमिटीचंही असंच होतं. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार कमिटीत किमान सात सदस्य हवेत, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, एक सामान्य नागरिक, किमान एक महिला, कायद्याचा जाणकार. रचना चांगलीच आहे. पण थिसिसच्या मोसमात एका दिवसात 120 सिनॉप्सिस समोर आले आणि बैठक सहा तास चालली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. त्या तीन मिनिटांत मराठी संमतिपत्रकातल्या चुका निघतात. या प्रश्नाला काही अर्थ आहे का, एवढ्या रुग्णांत त्याचं उत्तर मिळेल का, हे विचारायला वेळच नसतो. वास्तविक उत्तर मिळण्याची शक्यता नसलेल्या अभ्यासासाठी रुग्णाचं जास्तीचं पाच मिली रक्त काढणं, हाच नीतिमत्तेचा पहिला प्रश्न आहे.

थिसिसमधून सुटलेला डॉक्टर शिक्षक झाला की प्रमोशनच्या नियमात अडकतो. कमिशनच्या आधी असलेल्या मेडिकल कौन्सिलनं 2015 मध्ये परिपत्रक काढून पहिला किंवा दुसरा लेखक, मूळ संशोधन आणि ठरावीक सूचींतलं जर्नल अशा अटी घातल्या. फक्त ऑनलाइन निघणारी जर्नलं बाद ठरवली. मान्य सूचींत इंडेक्स कोपर्निकस होती, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांची एक अख्खी फौज त्या दारानं आत आली. 2020 मध्ये ही सूची वगळली, पहिले तीन लेखक चालतील असं केलं, मेटा-अॅनालिसिस (अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण) आणि केस सिरीज मान्य केल्या. संशोधन-पद्धतीचा एक ऑनलाइन कोर्स सक्तीचा झाला. सुधारणा झाली हे कबूल करायला हवं. पण मूळ गृहीतक तसंच राहिलं: प्रत्येक शिक्षकानं स्वतःच्या नावाचा पेपर आणायचा. अॅनाटॉमी शिकवणारा, रात्रंदिवस सिझेरियन करणारी, आयसीयू सांभाळणारा, सगळ्यांनी.

या गृहीतकाचे परिणाम ठरलेलेच होते. तीन जागा आणि तिघांची गरज, म्हणून तिघांच्या टोळ्या जमतात: यावेळी तुझा पेपर, माझं नाव, पुढच्या वेळी उलट. विभागप्रमुखाचं नाव प्रथेनं जातं. रेसिडेंटच्या थिसिसचा पेपर होतो तेव्हा ज्यानं काम केलं त्याचं नाव कधी कधी तिसरं येतं, आणि तो बदलून गेला असेल तर येतही नाही. लेखकाची जागा विकणारे दलाल जगभर आहेत. जिथे नोकरीची पायरी पेपरवर अवलंबून असते तिथे त्यांचा धंदा जोरात चालतो. चीनमध्ये हेच झालं आणि 2020 मध्ये तिथल्या सरकारला नेमणुका आणि बढत्या नुसत्या पेपरच्या संख्येवर ठरवू नका, असं सांगावं लागलं.

मग ज्याला खरोखर चाचणी करायची आहे त्याचं काय होतं? प्रश्न चांगला आहे, औषध जुनं, स्वस्त आणि बाजारात उपलब्ध आहे, फक्त वेगळ्या आजारासाठी वापरून पाहायचं आहे असं धरू. नियमांच्या भाषेत ही अॅकॅडेमिक चाचणी. एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या, पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी करा. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी चालत नाही, आणि ते योग्यच आहे. इथवर काम कागदाचं, चिकाटीनं होणारं. खरी धास्ती पुढे आहे. चाचणीत रुग्णाला इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? कंपनीची चाचणी असेल तर कंपनी, तिचा विमा असतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरनं स्वतः सुरू केलेल्या अभ्यासात प्रायोजकाची ही जबाबदारी संशोधक आणि त्याच्या संस्थेवर येते. सरकारी कॉलेजच्या डीनच्या अंदाजपत्रकात यासाठी शीर्षच नसतं. विम्याचा हप्ता कोणत्या खात्यातून भरायचा यावर फाइल फिरत राहते. त्यामुळे बहुतेक जण शहाणपणानं चाचणीचा नाद सोडून ‘निरीक्षणात्मक अभ्यास’ करतात. इतके रुग्ण आले, इतके बरे झाले.

पैशांचं गाऱ्हाणं मात्र थोडं वेगळं आहे. अनुदान अजिबातच मिळत नाही असं नाही. आयसीएमआर देते, इंडिया अलायन्स ही संस्था डॉक्टरांसाठी फेलोशिप देते, आरोग्य संशोधन विभागानं अनेक सरकारी कॉलेजांत संशोधन प्रयोगशाळाही उभ्या केल्या. अडतं ते पैसा खर्च करण्यात. पहिला हप्ता उशिरा येतो, किट खरेदीला तीन कोटेशन किंवा टेंडर, तोवर मार्च उजाडतो आणि उपयोगिता प्रमाणपत्राची घाई सुरू होते. कंत्राटावर घेतलेला रिसर्च असिस्टंट कायम नोकरी लागताच निघून जातो, आणि पाठपुरावा नेमका तोच करत असतो. त्यातच बदल्या. आपल्या राज्यात कित्येक असिस्टंट प्रोफेसरांनी 120-120 दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर वर्षं काढली. ज्याला चार महिन्यांनी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्यानं रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घ्यावा ही अपेक्षा विनोदी आहे.

प्रॅक्टिसमधलं उत्पन्न हे कारण मी खालच्या क्रमांकावर ठेवतो. ते खरं आहे, पण ते सगळीकडेच खरं आहे. अमेरिकेत जेम्स विनगार्डन यांनी संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जमात आहे, असा इशारा 1979 मध्येच दिला होता. तिथे उपाय म्हणून वेळ विकत घेतला गेला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तरुण डॉक्टरांसाठीच्या ‘के’ अनुदानांत साधारणपणे 75 टक्के वेळ संशोधनाला देण्याची अट असते, आणि त्या वेळेचा पगार अनुदानातून निघतो. ब्रिटनमध्ये अॅकॅडेमिक क्लिनिकल फेलोला प्रशिक्षणातच 25 टक्के वेळ राखून मिळतो. आपल्याकडे ‘संशोधनही करा’ असं सांगतात. त्यातला ‘ही’ ओपीडी, वॉर्ड, लेक्चर, तपासणी पथकाची तयारी आणि व्हीआयपी ड्युटी यांच्यानंतर येतो.

असं असूनही आपल्याकडे उत्तम संशोधन झालं आहे, आणि ते कुणी, कशामुळे केलं हे पाहिलं की वृत्तीचा मुद्दा आणखी कच्चा वाटतो. महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं पाहत होते, हृदयाचं काय होतं याची बारकाईनं नोंद करत होते. रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यात वापरता येतं, हे त्यांचं निरीक्षण 1980 च्या दशकात ‘लॅन्सेट’पर्यंत पोचलं. 2011 मध्ये त्यांनीच प्रतिविष आणि प्राझोसिन विरुद्ध नुसतं प्राझोसिन अशी 70 रुग्णांची रीतसर चाचणी ‘बीएमजे’त प्रसिद्ध केली. दहा तासांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण 91 टक्के विरुद्ध 23 टक्के. फरक एवढा मोठा असला की 70 रुग्ण पुरतात, हेही इथे ध्यानात घ्यावं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली आल्याचं 1999 मध्ये दाखवलं. दोन्हीकडे डॉक्टर एका जागी टिकून होते, एकच प्रश्न रोज समोर येत होता, नोंदी त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि प्रमोशनसाठी कुणी पेपर मागत नव्हतं.

टाटा मेमोरियलचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे, कारण ती प्रचंड गर्दीची संस्था आहे आणि तरीही तिथे चाचण्या होतात. स्तनाच्या कर्करोगात गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती लिडोकेनचं, म्हणजे भुलीचं साधं इंजेक्शन द्यायचं, एवढंच त्यांनी तपासलं. देशातली 11 केंद्रं, सुमारे 1600 स्त्रिया. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. डोक्या-मानेच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडं औषध दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिलं. तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला ते दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर गेलं. औषध कमी दिलं तर चालेल का, हा प्रश्न कुठली कंपनी विचारेल? हे प्रश्न सार्वजनिक रुग्णालयातल्या डॉक्टरांनीच विचारायचे असतात. तिथे एकेका अवयवाच्या कर्करोगासाठी वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांचा कायम गट असतो, त्यामुळे प्रश्न एका व्यक्तीसोबत बदली होऊन जात नाही.

आणि ज्यांना हे फक्त निवडक संस्थांचं काम वाटतं त्यांनी 2020 आठवावं. कोविडमध्ये बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा देण्याची देशभर लाट होती, नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात उभे होते. आयसीएमआरनं एकच प्रोटोकॉल काढला, आणि 39 रुग्णालयांत 22 एप्रिल ते 14 जुलै या काळात 464 रुग्ण नोंदवले गेले. उत्तर आलं: प्लाझ्मानं मृत्यू कमी होत नाहीत. हे काम पीपीई किट घालून घामाघूम झालेल्या, घरी न जाणाऱ्या डॉक्टरांनीच केलं. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत प्रोटोकॉल लिहिण्यापासून पहिला रुग्ण घेण्यापर्यंत नऊ दिवस लागले आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन जीव वाचवतं हे कळलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू एक-तृतीयांशानं कमी. तिथला गुपित म्हणावा असा भाग एकच: वॉर्डातल्या डॉक्टरनं भरायचे फॉर्म कमालीचे आखूड होते, बाकीची माहिती राष्ट्रीय आरोग्य-नोंदींमधून आपोआप येत होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: प्रमोशनसाठी पेपरची सरसकट अट काढून टाकावी, आणि एकट्यानं करायच्या थिसिसऐवजी सामायिक अभ्यासातला सहभाग मान्य करावा.

मघाचं 2700 रुग्णांचं गणित पुन्हा घ्या. तीस कॉलेजांतल्या एकेका रेसिडेंटनं 90 रुग्ण नोंदवले की 2700 होतात. प्रत्येकाचं काम थिसिसएवढंच, किंबहुना कमी. फरक एवढाच की प्रोटोकॉल एक, फॉर्म एक, गट ठरवण्याची यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) क्रमवारी मध्यवर्ती, आणि दीड वर्षानं खरं उत्तर. ब्रिटनमधल्या सर्जरीच्या रेसिडेंटनी हे करून दाखवलं आहे. त्यांच्या ‘रॉसिनी’ चाचणीत 21 रुग्णालयांत 760 रुग्ण घेतले आणि जखमेच्या कडा झाकणारं एक साधन संसर्ग टाळत नाही हे 2013 मध्ये दाखवून दिलं: साधन वापरलेल्यांत 24.6 टक्के संसर्ग, न वापरलेल्यांत 25.4 टक्के. नकारार्थी उत्तर, पण रुग्णालयांचा पैसा वाचवणारं.

यासाठी लागणारी साधनं फार नाहीत. आरोग्य विद्यापीठानं प्रत्येक विषयात दरवर्षी तीन-चार प्रश्न निवडावेत, ते निवडताना जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनाही विचारावं. विद्यापीठ पातळीवर दोन पूर्णवेळ सांख्यिकी तज्ज्ञ असावेत. ना-नफा संस्थांना विनामूल्य मिळणारं रेडकॅप हे सॉफ्टवेअर डेटासाठी पुरेसं आहे. फॉर्म पंधरा रकान्यांच्या वर जाऊ देऊ नये. सोळावा रकाना ज्याला हवा त्यानं तो निष्कर्षाच्या कुठल्या तक्त्यात वापरणार हे आधी लिहून द्यावं. बहुतेक मागण्या तिथेच गळतील. तीस कॉलेजांच्या तीस एथिक्स कमिट्यांनी तोच प्रोटोकॉल तीस वेळा तपासण्याऐवजी एका कमिटीचा आढावा इतरांनी मान्य करावा, स्थानिक कमिटीनं स्थानिक अडचणी तेवढ्या पाहाव्यात. आयसीएमआरची तत्त्वं बहुकेंद्री अभ्यासांना ही मुभा देतात. आणि भरपाईसाठी एक सामायिक विमा विद्यापीठानं घ्यावा, म्हणजे डीनच्या टेबलावरची ती फाइल थांबेल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, रेसिडेंट नुसता डेटा भरणारा कारकून होईल. आज तो काय आहे? निदान सामायिक अभ्यासात त्याला खरा प्रोटोकॉल कसा असतो, रुग्ण वगळायचे निकष का असतात, पाठपुरावा सुटला की काय बिघडतं हे दिसेल. ज्याला स्वतःचा प्रश्न आहे त्याला एकट्याचा थिसिस करायची मुभा ठेवावीच. दुसरा आक्षेप वजनदार आहे. बावस्करांसारखी नवी गोष्ट समितीनं निवडलेल्या प्रश्नांतून निघत नाही, ती एकट्या माणसाच्या निरीक्षणातून निघते. हे खरं आहे. पण सध्याचे नियम त्या एकट्या माणसालाही मदत करत नाहीत. एका विलक्षण रुग्णाचं काळजीपूर्वक लिहिलेलं वर्णन, म्हणजे केस रिपोर्ट, प्रमोशनला चालतच नाही. पेपरची सक्ती उठली तर असा माणूस निदान बिनमहत्त्वाच्या पेपरांत वेळ घालवणार नाही. आणि ज्याला संशोधन करायचंच नाही, ज्याचं शिकवणं किंवा शस्त्रक्रियेतला हात उत्तम आहे, त्याला त्याच कामाच्या बळावर प्रोफेसर होऊ द्यावं. चांगला शिक्षक वाईट पेपर लिहितो तेव्हा दोन नुकसानं होतात.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी मात्र वेळ विकत घ्यावा लागेल, आणि तो आदेशानं मिळत नाही, पदानं मिळतो. पाच संशोधक-शिक्षकांना आठवड्यातले दोन दिवस मोकळे द्यायचे तर दहा दिवसांचं रुग्णसेवेचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, म्हणजे दोन जादा डॉक्टरांच्या मंजूर जागा. त्या जागा नसतील तर ‘संशोधन दिन’ जाहीर करू नये. त्या दिवशी ओपीडीत सहकाऱ्याला दुप्पट रुग्ण पाहावे लागतात आणि महिन्याभरात विभागात संशोधन हा शब्द शिवीसारखा वापरला जातो.

श्रेय मोजायची पद्धतही ठरवता येते. गटाच्या नावानं छापलेल्या पेपरच्या सहभागी यादीत नाव, आणि त्यासोबत समन्वय केंद्राचं प्रमाणपत्र: किती पात्र रुग्ण आले, त्यांतले किती नोंदवले, किती जणांचा पाठपुरावा पूर्ण झाला, किती फॉर्म तपासणीत मूळ केसपेपरशी जुळले. शंभरापैकी 95 रुग्णांचा पाठपुरावा पूर्ण करणारा डॉक्टर कुठल्याही तिसऱ्या लेखकापेक्षा संशोधनाच्या अधिक कामाचा आहे. असं प्रमाणपत्र खोटं बनवणं अवघड असतं, कारण तपासणारा दुसऱ्या शहरात बसलेला असतो आणि त्याला यातल्या कुणाचंच प्रमोशन करायचं नसतं. कमिशनला हे श्रेय द्यायला नवा कायदा लागत नाही. शिक्षक-पात्रता नियमांत लेखकांच्या क्रमाबद्दल जे एक वाक्य आहे, त्यात ‘किंवा नोंदणीकृत बहुकेंद्री अभ्यासातला प्रमाणित सहभाग’ एवढे शब्द घालायचे आहेत.